साडेबारा अँपियर

आई गेली त्याच्या सहाव्या दिवशी मास्तर कामावर रुजू झाले. प्राचार्यांनी आणखी आठवडाभर घरी राहायला सांगितलं होतं. पण घरी राहून करायचं काय, हेच मास्तरांना कळेना. पहिले दोन दिवस माणसं येत-जात होती, तेव्हा खुर्च्या मांडायचं तरी काम होतं. नंतर तेही संपलं.

"रडा तरी एकदा," बायको म्हणाली. "छातीवरचा दगड हलेल."

मास्तरांनी प्रयत्न करून पाहिला. न्हाणीघरात नळ सोडून उभे राहिले. काही झालं नाही. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल असूनही आपला वाटत नाही, तसं त्यांना सगळ्या अंगभर झालं होतं. शेवटी त्यांनी दाढी केली आणि सकाळच्या बसने केंद्रावर गेले.

केंद्र म्हणजे वीजकाम शिकवणारी सरकारी शाळा, पण मोठ्या माणसांची. कुणाची गिरणी बंद पडलेली, कुणाला गुडघ्यांमुळे जुनं काम झेपेना, कुणाची मुलं मोठी झाल्यावर हात मोकळे झालेले. वर्गात चौदा जण होते. त्यांत एक टॅक्सीवाला होता, जो प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचा. आणि लाँड्रीत बावीस वर्षं काढलेल्या एक बाई होत्या. त्या शेवटच्या बाकावर बसायच्या, फार बोलायच्या नाहीत, पण वहीत एकही खाडाखोड नसायची.

झालं होतं ते असं. आईचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसने पाऊण तासावर. तिथे आई आणि मास्तरांची थोरली बहीण अशा दोघीच राहायच्या. ताई बुटांच्या दुकानात काउंटरवर होती. एका मंगळवारी दुपारी आई जेवून, हीटर लावून आडवी झाली. हीटर ज्या सॉकेटमध्ये लावला होता त्याने पेट घेतला. सॉकेट पलंगामागे होतं. त्याच्यावरून पडदा पेटला, पडद्यावरून गादीची कड. आग मोठी नव्हती. शेजाऱ्यांनी मेन स्विच पाडून, दार फोडून ती विझवली. पण खोली धुराने भरली होती. आईच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर ताईने मास्तरांना एकच प्रश्न विचारला होता. "त्या खोलीचं वायरिंग तूच केलं होतंस ना?"

मास्तरांनी होकाराची मान हलवली. त्यानंतर बहीण-भावात बोलणं नव्हतं.

वीज खात्याकडून चौकशीला एक तपासनीस बाई आल्या. हीटर लोखंडाचा, कॉइल चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेली, त्यामुळे तो शाबूत राहिला होता. बाई तो घेऊन गेल्या आणि सॉकेटचा वितळलेला गोळाही पिशवीत घातला. काही दिवसांनी त्यांनी मास्तरांना बोलावून एक चिठ्ठी हातात दिली. तीत दोनच आकडे होते, हीटर टेबलावर लावून पाहिल्याचे.

"तुम्ही याच धंद्यातले," बाई म्हणाल्या. "आकडे बघून ठेवा. जबाब द्यायला पुढच्या आठवड्यात या."

मास्तरांनी चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. गणित काढायला अर्धं मिनिट लागलं नसतं. पण त्यांनी काढलं नाही. गुन्हा आपलाच, हे ताईच्या त्या प्रश्नातच ठरून गेलं होतं. शिक्षा झालेल्या माणसाने निकालपत्र वाचून करायचं काय? रोज रात्री ते चिठ्ठी या शर्टातून त्या शर्टात ठेवायचे, एवढंच.

वर्गात तो आठवडा ओहमच्या नियमाचा होता. मास्तरांनी एकोणीस वर्षं जे वाक्य म्हटलं होतं, तेच म्हटलं.

"व्होल्टेज म्हणजे दाब. करंट म्हणजे धावपळ. रेझिस्टन्स म्हणजे अडथळा. लक्षात कसं ठेवायचं? दाब सासूचा, धावपळ सुनेची, आणि मध्ये अडथळा..."

"नवऱ्याचा!" वर्ग ओरडला आणि हसला. मास्तर खडू हातात धरून हसणं संपायची वाट बघत राहिले.

"दाबाला धावपळीने भागलं की अडथळा मिळतो. दाब गुणिले धावपळ केलं की पॉवर, म्हणजे किती वॅट. एक उदाहरण करू."

उदाहरणांचं पुस्तक स्टाफरूममध्येच राहिलं होतं. त्यांनी सवयीने खिशात हात घातला आणि चिठ्ठी बाहेर आली. ती बघून त्यांनी फळ्यावर लिहिलं. आपण हे का करतोय असा विचार आला नाही. आकडे हवे होते आणि आकडे हातात होते.

"एक हीटर आहे. त्याच्या पाठीवर छापलंय, दोनशे तीस व्होल्ट, दोन हजार वॅट. आपण तो लावून मोजला. व्होल्टेज दोनशे तीस. करंट साडेबारा अँपियर. रेझिस्टन्स काढा, पॉवर काढा."

पेनं चालायला लागली. सगळ्यात आधी टॅक्सीवाल्याने हात वर केला. "दोनशे तीस भागिले साडेबारा. अठरा पूर्णांक चार ओहम."

"पॉवर?"

"दोनशे तीस गुणिले साडेबारा. दोन हजार आठशे पंचाहत्तर वॅट." तो थांबला. "हे कसं, सर? छापलंय दोन हजार आणि काढतोय पावणेतीन हजारांच्या वर? कंपनी लिहिल्यापेक्षा जास्त कधीपासून द्यायला लागली?"

वर्ग पुन्हा हसला. मास्तर फळ्याकडे बघत होते. आकडा त्यांनीही आत्ताच पाहिला होता.

"मूळ हीटरचा रेझिस्टन्स किती असायला हवा?" त्यांनी विचारलं. "दोन हजार वॅटला दोनशे तीसने भागा, करंट येईल. मग दोनशे तीसला त्या करंटने भागा."

"आठ पूर्णांक सात अँपियर," कुणीतरी म्हणालं. "आणि रेझिस्टन्स सव्वीस पूर्णांक चार."

मास्तरांनी सव्वीस पूर्णांक चारखाली अठरा पूर्णांक चार लिहून वजाबाकी केली. खाली आठ आलं.

"आठ ओहम गेले कुठे?" ते म्हणाले.

कुणी म्हणालं मीटर बिघडला असेल. कुणी म्हणालं कॉइल जुनी झाली की झिजते. मास्तर म्हणाले, झिजली तर तार बारीक होते, आणि बारीक तारेचा अडथळा वाढतो, कमी होत नाही. मग शेवटच्या बाकावरून लाँड्रीवाल्या बाई उठल्या. बोलायच्या आधी उठून उभं राहायची त्यांची सवय होती.

"सर, आठ ओहम केराच्या डब्यात गेलेत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जुन्या इस्त्र्या होत्या. कॉइल तुटली की मालक दोन टोकं ओढून एकमेकांना पीळ घालायचा. जळका तुकडा फेकून द्यायचा. पुन्हा तुटली, पुन्हा तेच. कॉइल आखूड होत जायची आणि इस्त्री आधीपेक्षा जास्त तापायची. मालक खूश. मग एकदा प्लग काळा पडला, एकदा वायरीला वास आला. मी भांडून ती इस्त्री काढायला लावली."

"शंभरातले तीस वेढे गेलेत," मास्तर म्हणाले.

"एका वेळी जात नाहीत तेवढे. दोनतीन वेळा जोडलीय ही." बाई बसता बसता थांबल्या. "सर, हा हीटर कुणाच्या घरी आहे? त्यांना म्हणावं, आधी काढून ठेवा."

"काढलाय," मास्तर म्हणाले.

टॅक्सीवाल्याचं समाधान झालं नव्हतं. "पण जास्त तापला तर हीटर तापेल. त्यासाठीच असतो की तो. घराला काय त्याचं?"

मास्तरांनी सॉकेटचं चित्र काढलं. त्यात वायर धरणारा स्क्रू काढला. "हा स्क्रू घट्ट असेल तर काही नाही. सैल असेल तर इथेही थोडा अडथळा येतो. अर्धा ओहम धरा. उष्णता निघते ती करंटच्या वर्गाने. आठ पूर्णांक सातचा वर्ग करून निम्मा केला तर?"

"अडतीस वॅट."

"साडेबाराचा?"

"अठ्ठ्याहत्तर."

"करंट दीडपटसुद्धा वाढला नाही आणि उष्णता दुप्पट झाली. काडेपेटीएवढ्या जागेत अठ्ठ्याहत्तर वॅट कोंडले. मागे पडदा आहे."

"ब्रेकर नव्हता का?"

"होता. सोळा अँपियरचा. साडेबाराला तो कशाला पडेल? तो करंट मोजतो, उष्णता मोजत नाही."

"मग स्क्रू सैल कसा झाला?"

"तापतो, निवतो, तापतो, निवतो. दर दोन वर्षांनी आवळावा लागतो. तीन वर्षांत कुणी आवळला नव्हता."

"कुणी आवळायला हवा होता?"

"ज्याने बसवला त्याने," मास्तर म्हणाले आणि फळा पुसायला वळले. आवाज नेहमीसारखाच होता. वर्ग सुटला. लाँड्रीवाल्या बाई दारात क्षणभर घुटमळल्या, मग गेल्या.

त्या दुपारी मास्तर अर्धी रजा टाकून ताईच्या दुकानात गेले. आग लागल्यापासून मालकाने ताईला दुकानावरचीच एक खोली दिली होती. आत शिरले तेव्हा ताई गुडघ्यावर बसून एका म्हाताऱ्याच्या पायात बूट चढवत होती. तिने भावाला पाहिलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"बस," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."

बूट घालून बघायच्या बाकावर मास्तर बसले. म्हाताऱ्याने बूट घेतला नाही. तो गेल्यावर ताईने खोक्यात कागद परत नीट घातला.

"आईच्या हीटरची कॉइल कुणी जोडली?" खिशातली चिठ्ठी काढून मास्तरांनी विचारलं.

"मी."

"किती वेळा?"

"तीन वेळा. का?"

इथे आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे मास्तरांना समजत होतं. निदान थोडं हलकं. त्यांनी वाट पाहिली. काही वाटलं नाही.

"असं जोडायला तुला कुणी सांगितलं?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "तू," ती म्हणाली.

"मी?"

"मागच्या थंडीत. मी फोन केला, हीटर बंद पडलाय, आई कुडकुडतेय. तू म्हणालास, ‘पक्कड घे, दोन्ही टोकं ओढ, तीन पीळ मार, तात्पुरतं चालेल, रविवारी येऊन बघतो.’ मी लिहून घेतलं होतं पाकिटाच्या मागे."

"मला आठवत नाही."

"तुला कशाला आठवेल? तू वर्गात होतास, मागे गलका होता."

"मग रविवारी आलो नाही मी?"

"आलास की. पण तोवर हीटर चालू होता. जेवलास, तासभर झोपलास, पाचच्या बसने गेलास. नंतर दोनदा तुटला तेव्हा मी तुला विचारलंच नाही. येत होतं मला." ताईच्या ओठाची एक कड किंचित हलली. "आई शेजारणीला सांगायची, आता पहिल्यापेक्षा छान तापतो. मुलाला शिकवण्यात पैसे घालवले, यंत्राला गुण आला तो मुलीच्या हाताने."

मास्तरांनी फोन आठवून पाहिला. वर्ग आठवला, गलका आठवला, ताईचा आवाज नाही. पण ते वाक्य त्यांचंच होतं. ‘तीन पीळ मार’ असं दुसरं कुणी म्हणत नाही.

"तू हे का विचारतोयस?" ताई म्हणाली. "तुझ्या हातातल्या कागदात काय आहे?"

चिठ्ठी परत खिशात घालता आली असती. तिला आकड्यांतलं काही कळत नव्हतं. गुन्हा वायरिंगचा, म्हणजे भावाचा, एवढं धरून ती उरलेलं आयुष्य काढू शकली असती. मास्तरांनी तेवढा विचार केला. पण जबाब लिहून द्यायचा होता, आणि त्यात कॉइल येणारच होती. तिला ते सरकारी कागदातून कळलं असतं.

"कॉइल आखूड झाली की हीटर जास्त करंट ओढतो," ते म्हणाले. "जास्त करंट आला की सॉकेट जास्त तापतं."

ताई बाकावर बसली. बूट चढवायची पट्टी तिच्या हातातच होती.

"म्हणजे मी केलं," ती म्हणाली.

"नाही."

"मग तू?"

"सॉकेटचा स्क्रू सैल होता. तो माझा. तीन वर्षं मी ते उघडलं नव्हतं. आणि कॉइल तू जोडलीस, पण मी सांगितलं म्हणून."

"पहिल्या वेळी तू सांगितलंस म्हणून. पुढच्या दोन वेळा माझ्या मनाने."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. एक बाई आत आली आणि म्हणाली, "बिनटाचेच्या चपला आहेत का, काळ्या?" ताई उठली. वरच्या फळीवरून तिने तीन खोकी काढली. खोकी धरायला कुणीतरी हवं होतं म्हणून मास्तर उठून शिडीपाशी उभे राहिले. बाईने दोन जोड घालून पाहिले, आरशासमोर चालून पाहिलं, दुसरा घेतला. ताईने तिला चपला आठ दिवस घरातच वापरायला सांगितल्या, म्हणजे चावत नाहीत.

बाई गेल्यावर ताई म्हणाली, "जबाबाला मीही येते."

सोमवारी दोघं गेली. तपासनीस बाईंची खोली कागदांनी भरलेली होती, टेबलावर कुठल्या तरी दुसऱ्या घरातला जळका प्लग पडला होता. मास्तरांनी सगळं ओळीने सांगितलं. सॉकेट कधी बसवलं, कधीपासून पाहिलं नाही, फोनवर काय म्हणालो, आठ ओहमचा हिशेब कसा लागतो. ताईने तिच्या दोन वेळा सांगितल्या. बाई लिहीत होत्या. मध्येच त्यांनी पेन थांबवलं.

"फोनचं तुम्ही सांगितलं नसतंत तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "तसा पुरावा कुठे आहे?"

"हिच्या पाकिटावर," मास्तर म्हणाले.

"ते जळलं," ताई म्हणाली.

तरी बाईंनी ते लिहिलं. शेवटी अपघात अशीच नोंद झाली, खटला वगैरे काही नाही. दोघांनी सह्या केल्या. ताईची सही खाली घसरत गेली.

बाहेर जिन्यात ताई अचानक पायरीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी, नाक वाहेपर्यंत. वरून उतरणारी माणसं अंग चोरून बाजूने गेली. मास्तर एक पायरी खाली उभे होते. त्यांनी रुमाल दिला. तिने तो पुरता भिजवला आणि परत दिला.

"तुला रडू येत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"येईल."

"कधी?"

"मला काय माहीत? मी काय घड्याळ आहे?" ती म्हणाली आणि नाक ओढत उठली.

केंद्रावर मास्तरांनी प्राचार्यांनाही सगळं सांगितलं. असा माणूस शिकवायला ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा, असं म्हणाले. प्राचार्यांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "उद्या सकाळचा तास तुमचाच आहे." लाँड्रीवाल्या बाईंना मात्र काही सांगावं लागलं नाही. एका दुपारी त्या हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सर, माझ्या घरचे सगळे बोर्ड काल उघडले. अकरा स्क्रू सैल निघाले." मास्तर म्हणाले, "चांगलं केलंत." आपण आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं, हे बसमध्ये बसल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं.

ताई त्या घरात परत गेली नाही. महिनाभराने तिने दुकानापासून चार गल्ल्यांवर दोन खोल्या घेतल्या. मास्तर शनिवारी जाऊन सगळे बोर्ड उघडून आले, वायर बदलून आले. मग पुढच्या रविवारी नवा हीटर घेऊन गेले. तेलाचा, दीड हजार वॅटचा, उघडी कॉइल नसलेला. थंडी अजून सरली नव्हती. खोलीत बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

ताईने हीटर भिंतीशी ठेवला आणि प्लग हातात धरून उभी राहिली. बराच वेळ.

"राहू दे," ती म्हणाली. "मला तशी थंडी वाजत नाही."

तिच्या अंगावर कोट होता आणि कोटावरून शाल होती.

मास्तरांनी तिच्या हातून प्लग घेतला, लावला, बटण दाबलं. मग खाली बसून सॉकेटच्या पांढऱ्या झाकणावर हाताचा तळवा ठेवला. हीटरमध्ये तेलाचा बारीक आवाज सुरू झाला.

"काय करतोयस?"

"बघतोय तापतं का."

"किती वेळ बघणार?"

"अर्धा तास."

ताईने एक स्टूल आणून त्यांच्यामागे ठेवलं. ते त्यावर बसले, हात तसाच ठेवून. ती समोर पलंगावर बसली. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.



पंधरा मिनिटांनी ताई उठून आली, वाकली आणि तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"अगदी थंडगार आहे," ती म्हणाली.

"म्हणजे स्क्रू घट्ट आहे."

"सॉकेट नव्हे रे. तुझा हात."

तिने स्टूल त्यांच्यासकट हीटरच्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला. ते हललं नाही, तेव्हा म्हणाली, "ऊठ जरा, धोंडा आहेस नुसता." मास्तर उठले. तिने स्टूल हीटरसमोर सरकवलं, त्यांना त्यावर बसवलं आणि आतल्या खोलीत त्यांच्यासाठी काही गरम कपडा सापडतो का ते बघायला गेली.